माग घरातच हवा

हॅरिसच्या पूर्व किनाऱ्यावर माती इतकी तुटपुंजी, की माणूस मेला तर पुरायला खोल जागा मिळत नसे; शवपेटी डोंगर ओलांडून पश्चिमेच्या वाळूत न्यावी लागे. स्कॉटलंडच्या वायव्येचा हा मुलूख. लुइस आणि हॅरिस ही नावं दोन, बेट एकच. पश्चिमेच्या गवताळ जमिनीवरून जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं उठवली, ती या खडकांवर येऊन पडली. बेचक्यांत समुद्रशेवाळ टाकून त्यांनी वाफे रचले, बटाटे लावले. १८४६ मध्ये त्यांच्यावरही रोग पडला.

कापड मात्र घरोघर विणलं जाई. खडकावरून खरवडलेलं ‘क्रॉटल’ लोकरीबरोबर उकळलं की तांबूस तपकिरी रंग चढे. हे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोतातलंच. खडकातून आलेलं खडकाकडेच परत जातं, या समजुतीनं कोळी त्या रंगाचे मोजे घालून होडीत बसत नसत. विणलेलं कापड साठवून आंबवलेल्या लघवीत भिजवायचं, मग बायकांनी फळीभोवती बसून गाण्याच्या ठेक्यावर ते आपटायचं. त्यानं वीण आवळून यायची.

हॅरिसचा मालक, डनमोरचा अर्ल, १८४५ मध्ये वारला. त्याची विधवा लेडी कॅथरीन हिनं आपल्या घराण्याच्या चौकटी या कापडात विणून घेतल्या आणि शिकारीच्या शौकीन उमरावांत ते खपवलं. दुष्काळातल्या विणकरांना त्यातून पैसा दिसला. ‘हॅरिस ट्वीड’ म्हणवणाऱ्या या कापडाचा खप वाढला तशा नकलाही आल्या. म्हणून १९०९ मध्ये संघटना निघाली आणि क्रूस असलेल्या गोलाचा शिक्का ठरला.

१९९३ चा ब्रिटिश संसदेचा कायदा याहून कडक आहे. लोकर या मुलखातल्या बेटांवरच रंगवलेली, बेटांवरच कातलेली हवी. आणि विणायची बेटकऱ्यांनी, हातानं, आपापल्या घरी. तेच कापड, त्याच मागावर, गिरणीच्या आवारात विणलं तर ते हॅरिस ट्वीड नव्हे. मला ही घराची अट सगळ्यांत शहाणपणाची वाटते. मेंढ्या, बटाटे, जळणासाठी पीट (दलदलीतली माती) कापणं यांतून उरलेल्या वेळात विणकर शेडमध्ये जाऊन पायानं माग चालवतो. विजेची गरज नाही. पण तो स्वतंत्र कारागीर आहे असं मानणं भाबडेपणाचं. बहुतेकांना सूत गिरणी देते, कापड धुवायला गिरणीतच परत जातं, विणकराला मिळते ती विणाई.

या व्यवस्थेचं दुखणं २००७ च्या सुमारास उघडं पडलं. यॉर्कशरच्या एका उद्योजकानं बेटावरच्या स्टॉर्नोवे गावातली मोठी गिरणी घेतली आणि हजारोंच्या घरातले नमुने चारवर आणले. माग कुठे असावा हे कायद्यात होतं, त्यावर चढवायला सूत कोण देणार हे नव्हतं. कित्येक माग थंडावले. त्याच सुमाराला बेटावरच्याच शॉबोस्ट गावातली बंद गिरणी दुसऱ्यांनी सुरू केली, नमुने पुन्हा वाढवले, आणि विणकरांच्या दारात सुताच्या गाड्या थांबू लागल्या.