सुतार दवंडी पिटतो तेव्हा

सुतार पक्ष्याची ठकठक तुम्ही ऐकली असेलच. पण ती दरवेळी एकसारखी नसते, हे ध्यानात आलंय का?

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झालं. तिथे सगळे जातात वाघ बघायला. सुताराकडे लक्ष देतो कोण? खरं तर त्याच्यासाठी जंगलातच जायला हवं असं नाही. सोनपाठी सुतार गावातल्या जुन्या आंब्यावरही येतो. मैनेपेक्षा मोठा, पाठ सोनेरी, तुरा लाल. उडताना असा ओरडतो की वाटावं, शिंगरूच खिंकाळलं! त्याचा धाकटा भाऊबंद म्हणजे मराठा सुतार. जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८०१ साली त्याच्या शास्त्रीय नावातच ‘मराठा’ घातला. त्याची हाक मात्र तुटक, ‘क्लिक-क्लिक’.

आता ठकठक ऐका. संथ, थांबत थांबत, जागा बदलत येते ती जेवणाची. सालीखालच्या मुंग्या नि अळ्या शोधणं चाललंय. एकाच जागी दिवसचे दिवस चालते, खाली भुसा पडतो, ती ढोली कोरण्याची. आणि अचानक ‘टर्रर्र’ अशी वेगवान, एकसुरी, क्षणात संपणारी? ती दवंडी! कोकिळासारखं गाणं सुताराकडे नाही, म्हणून तो लाकूड वाजवून सांगतो, ‘हा इलाखा माझा. जोडीदारा, मी इथे आहे.’ पुष्कळ जातींत मादीही वाजवते.

दवंडीला ढोल चांगला हवा. त्यासाठी सुतार वठलेली, खणखणीत वाजणारी फांदी निवडतो. अमेरिकेतले काही सुतार तर धुराड्याचा पत्राही बडवतात! आपण मात्र वठलेलं झाड दिसलं की सरपणाला तोडतो. मग सुताराचा ढोल जातो, घर जातं. आणि त्याच्या जुन्या ढोलीत राहणाऱ्या मैना, दयाळ, पिंगळा यांचंही जातं. आईबाबांनो, अंगणातली वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडण्याजोगी नसेल, तर राहू द्या की!

आणखी एक. मोबाइलवर सुताराचा आवाज लावून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं, कुणी परका घुसला. पिल्लांना भरवायचं सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला भल्या सकाळी वही घेऊन बसा. ‘टर्रर्र’ कुठून आली, किती वेळा आली, ते लिहा. आणि दूरच्या झाडावरून तिला उत्तर आलं का, तेही!