मोबाईल ॲप शिकायचे? आधी जावास्क्रिप्ट

उधारी आणि ऑर्डरी सांभाळणारे स्वतःचे ॲप असावे, असे अनेक दुकानदार व कारागीर बांधवांना वाटते. घरातला मुलगा वा मुलगी ते शिकू शकते. पण क्लासची भरमसाट फी भरण्याची घाई करू नये, असे आम्ही सुचवू.

१९९५ साली निघालेली जावास्क्रिप्ट ही भाषा आधी पक्की करावी. फ्रीकोडकॅम्प आणि एमडीएन या संकेतस्थळांवर ती फुकट शिकता येते. मग रिॲक्ट नेटिव्ह. फेसबुकने ते २०१५ साली सर्वांना खुले केले. त्यात एकदा लिहिलेले बरेचसे काम अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर चालते. एक्स्पो गो हे ॲप फोनमध्ये घेतले, की संगणकावर केलेला बदल लगेच फोनवर दिसतो.

पहिला धडा म्हणून उधारीची वहीच करावी. नाव, रक्कम, तारीख, बस्स! यादी, बेरीज, नोंद साठवणे हे सारे तिच्यात येते. मात्र नोंदी फक्त फोनमध्येच असतील, तर फोन हरवताच उधारीही बुडाली म्हणून समजा. तोवर कागदी वही बंद करू नये.

गुगल प्लेची नोंदणी फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरसाल ९९. ॲप नीट चालू लागल्यावरच ती भरावी.