कच्च्या कैद्याचा दिवाणी दावा : ‘किंग्जली विरुद्ध हेंड्रिक्सन’ खटल्याचा अन्वयार्थ

मराठीत ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ या दोहोंना तुरुंग हा एकच शब्द चालतो. अमेरिकी कायद्याच्या अभ्यासकास मात्र हा भेद दृष्टिआड करता येत नाही. राज्याच्या प्रिझनमध्ये शिक्षा झालेले कैदी असतात. काउंटीच्या जेलमध्ये, जी बहुधा शेरीफच्या अखत्यारीत असते, प्रामुख्याने कच्चे कैदी ठेवले जातात. ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही, त्याच्यावर अधिकाऱ्यांनी अवाजवी बळ वापरले हे ठरवावयाचे कोणत्या निकषावर, हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकालात काढला.

मूळ प्रसंग अगदी क्षुल्लक होता. मे २०१० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मन्रो काउंटीच्या जेलमध्ये किंग्जली या कच्च्या कैद्याने कोठडीतील दिव्यावर लावलेला कागद काढण्यास वारंवार नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चार अधिकाऱ्यांनी त्यास बेड्या घालून दुसऱ्या कोठडीत नेले व पालथे पाडले. हात पाठीमागे जखडलेल्या त्या स्थितीत त्यास सुमारे पाच सेकंद टेझरचा विद्युत्‌धक्का देण्यात आला. त्याने प्रतिकार केला, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. केला नाही, असे त्याचे.

त्याने दाखल केलेल्या दाव्याचा आधार होता १८७१ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेले ‘कलम १९८३’. कू क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी झालेल्या या कायद्यान्वये, सरकारी अधिकाराचा वापर करून घटनात्मक हक्क हिरावणाऱ्या व्यक्तीकडून नुकसानभरपाई मागता येते. (खुद्द काउंटीस जबाबदार धरावयाचे तर तिचे धोरण वा रूढ प्रघात कारणीभूत ठरला, हे दाखवावे लागते, हे तत्त्व १९७८ च्या ‘मोनेल’ निर्णयाचे.) ज्यूरीने अधिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु त्यांनी कैद्याच्या सुरक्षिततेची बेपर्वाई केली काय, म्हणजेच त्यांच्या मनात काय होते, याचाही विचार करण्याची सूचना ज्यूरीस देण्यात आली होती. वादाचे मर्म येथेच आहे.

न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिलेल्या ५ विरुद्ध ४ अशा बहुमताच्या निर्णयाने ही सूचना चुकीची ठरविली. शिक्षा झालेल्या कैद्यास आठव्या घटनादुरुस्तीनुसार क्रूर शिक्षेपासून संरक्षण मिळते व त्यासाठी अधिकाऱ्याचा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. कच्च्या कैद्यास मात्र चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार शिक्षाच देता येत नाही. मग शिक्षेमागील हेतू शोधण्याचे प्रयोजन काय? वापरलेले बळ वस्तुनिष्ठदृष्ट्या अवाजवी होते, एवढे त्याने दाखविले की पुरे. बळाची गरज, इजेचे स्वरूप, धोक्याचे गांभीर्य, प्रत्यक्ष प्रतिकार या बाबी त्यासाठी तपासावयाच्या, त्याही घटनास्थळी असलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने, पश्चात्‌बुद्धीने नव्हे. शिवाय केवळ निष्काळजीपणा पुरेसा नाही. शिक्षा करण्याचा उद्देश नसेल तेथे शिक्षा कशी मानावी, हा न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा भिन्नमतातील आक्षेप तर्कदृष्ट्या दुर्बल नाही. मात्र तो मानल्यास बेड्यांतील माणसाला न्याय मिळणे अधिकाऱ्याच्या मनोव्यापारावर अवलंबून राहिले असते.

निकष सौम्य झाला तरी वाट सुकर झाली असे नव्हे. १९९६ च्या तुरुंग-दावे सुधारणा कायद्यानुसार, कच्चा असो वा पक्का, कैद्याने प्रथम जेलमधील तक्रार-निवारणाचे उपलब्ध मार्ग संपवावे लागतात, तेही तेथील मुदती पाळून. वैद्यकीय हेळसांडीच्या दाव्यांना हाच वस्तुनिष्ठ निकष लागू करावा काय, याविषयी अपील न्यायालयांत मतभेद आहेत : नवव्या मंडळाने तो २०१८ मध्ये स्वीकारला, तर पाचवे मंडळ अधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष जाणिवेचा पुरावा मागत आले आहे.