थंडी उगाच बदनाम

‘थंडीत इलेक्ट्रिक गाडीची रेंज निम्मी होते’ हे वाक्य हल्ली पुण्याच्या नारायण पेठेतही ठणकावून सांगितलं जातं. सांगणाऱ्याने ते नॉर्वे नाहीतर कॅनडाच्या व्हिडिओत ऐकलेलं असतं. तिथे त्यात तथ्य आहेही. पण पत्र्या मारुतीपाशी डिसेंबरात पहाटे साडेपाचला गाडी काढणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा उपयोग किती, हे कुणी मोजून पाहत नाही. परिणाम असा, की सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेला माणूस थंडीबद्दल दहा प्रश्न विचारतो आणि जे विचारायला हवं ते विचारतच नाही.

म्हणून एक नक्की उदाहरण घेऊ. पेठेत घर, नोकरी रांजणगाव एमआयडीसीत, सकाळची शिफ्ट. वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर करत जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर. बजेट मर्यादित, म्हणून डोळ्यांसमोर जुनी नेक्सॉन ईव्ही. (ती बनते त्याच रांजणगावात, तेव्हा गाडी रोज माहेरी जाणार म्हणायची.)

‘थंडीने बॅटरी बसते’

लिथियम बॅटरीत वीज साठते ती आयन एका बाजूकडून दुसरीकडे सरकल्यामुळे. गारठ्यात आतलं द्रावण घट्टसर होतं, आयन मंदावतात, अंतर्गत रोध वाढतो आणि थोडी ऊर्जा वाया जाते. शून्याखाली फास्ट चार्जिंग केलं तर लिथियमचा थर साचून बॅटरीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. नॉर्वेचा वाहनचालक संघ दर हिवाळ्यात अनेक गाड्या बर्फात पळवून चाचणी घेतो. त्यात बहुतेक गाड्यांची रेंज कंपनीच्या आकड्यापेक्षा साधारण १० ते ३० टक्के कमी भरते. म्हणजे तिथेही सरसकट ‘निम्मी’ नाहीच.

आता पुणे. डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरच्या वेधशाळेत पहाटेचं तापमान १०-१२ अंश असतं, काही दिवस ७-८ वर येतं. इथला नीचांक १.७ अंशांचा, आणि तो जानेवारी १९३५ मधला. नगर रस्त्याला शहर संपलं की गारठा जरा जास्त झोंबतो, पण शून्याची भानगड नाही. शिवाय बॅटरी शेकडो किलोंची असते. रात्री चार्जिंगला लावलेली असेल तर ती बाहेरच्या हवेपेक्षा उबदारच असते. दहा अंशांना पाच ते दहा टक्के रेंज गेली असं धरून चाला. गेलेली रेंज ऊन चढलं की परत येते. थंडीने बॅटरी ‘बसत’ नाही, फक्त तेवढ्यापुरती आखडते.

थंडीत खरी खाते ती बॅटरी नव्हे, हीटर. पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता आत सोडली की काम भागतं. इलेक्ट्रिक गाडीत तशी फुकटची उष्णता जवळजवळ नसते, सगळी ऊब विजेतूनच काढावी लागते. पण पुण्यात हीटर लावतं कोण? स्वेटर आणि कानटोपी ही आपल्याकडची जुनी आणि बिनखर्चाची तंत्रं आहेत. काच धुरकटली की पाच-दहा मिनिटं हवा काचेवर सोडायची, एवढंच. थंडीत टायरमधली हवाही उतरते, साधारण दर ५-६ अंशांना एक पॉइंट. ती भरून घेतली की हरवलेल्या किलोमीटरपैकी थोडे परत मिळतात, आणि याकडे कुणाचं लक्षच नसतं.

आता हिशेब

२०२० च्या जानेवारीत आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची आणि एआरएआयने प्रमाणित केलेली रेंज ३१२ किलोमीटर. हा आकडा खोटा नाही. पण तो ठरावीक चाचणीचक्रातला, प्रयोगशाळेत काढलेला आहे. एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनाही तो रस्त्यावर मिळत नाही. नव्या गाडीला प्रत्यक्षात १८० ते २१० हा मामला होता.

पाच वर्षं वापरलेल्या गाडीची क्षमता ८५ टक्के उरली असं समजू. म्हणजे २५.७ युनिट. साठ-सत्तरच्या वेगाने युनिटला ७ किलोमीटर धरले तर १८०. तळाचे १५ टक्के राखीव ठेवले तर हाताशी १५३. थंडीने १० टक्के नेले, उरले १३८. हट्टाने येता-जाता हीटर लावून ३ युनिट जाळले तर ११७. आपली गरज ११०. म्हणजे गाडी घरी येते, पण लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत शिरताना पोटात गोळा घेऊन येते.

याच हिशेबात आता थंडी आणि हीटर पूर्ण काढून टाका आणि वेग नव्वद-शंभर करा. युनिटला ७ ऐवजी ५.५ किलोमीटर मिळतील, आणि हाताशी असलेल्या १५३ चे १२० होतील. थंडी आणि हीटर मिळून जेवढं खातात, जवळजवळ तेवढं एकटा वेग खातो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि पहाटे मोकळ्या नगर रस्त्यावर पाय आपोआप दाबला जातो. बॅटरीची १५ टक्के झीज तर बाराही महिने भोगायची असते. मे महिन्यात दुपारी वाघोलीच्या कोंडीत एसी लावून तासभर बसलात, तर तो खर्चही डिसेंबरातल्या हीटरच्या तोडीचा होतो.

माझं मत सरळ आहे. चाकणपर्यंत जाणाऱ्याने, म्हणजे ७०-७५ किलोमीटरवाल्याने, ३०.२ ची जुनी नेक्सॉन बिनधास्त पाहावी. रांजणगाववाल्याने थोडे पैसे वाढवून मे २०२२ पासून आलेली ४०.५ युनिटची गाडी शोधावी, नाहीतर ऑफिसात चार्जिंगची सोय आहे का ते आधी विचारावं. टियागोची १९.२ युनिटची छोटी बॅटरी या कामाची नव्हे, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

‘स्क्रीनवर शंभर टक्के दाखवते, म्हणजे बॅटरी नवीसारखी’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. खडकवासला धरणात कितीही गाळ साचला तरी सांडव्यावरून पाणी गेलं की धरण ‘भरलं’ म्हणतात. गाडीचा शंभराचा आकडाही तसाच, उरलेल्या क्षमतेचे शंभर टक्के. समोर दिसणारी रेंजही गाडी मागच्या चालवण्यावरून बांधते. विकणाऱ्याने आदल्या दिवशी गाडी चाळीसच्या वेगाने फिरवली असेल तर आकडा फुगलेला दिसतो.

खरा आकडा हवा तो बॅटरीच्या आरोग्याचा, ज्याला एसओएच म्हणतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो काढून मिळतो. ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून जाणकारालाही बहुतेक गाड्यांचा वाचता येतो. दोन्ही जमत नसेल तर एक घरगुती पद्धत आहे, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. गाडी २० टक्क्यांवर येऊ द्या, सबमीटर बसवलेल्या पॉइंटवर लावा आणि १०० होईपर्यंत किती युनिट गेले ते लिहा. ३०.२ च्या नव्या बॅटरीत ८० टक्के म्हणजे २४ युनिट भरतात. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर २७ च्या आसपास दिसायला हवेत. २३ दिसले तर क्षमता ८५ टक्क्यांवर आलेली आहे. २० दिसले तर चहा घेऊन निघा. या चाचणीला विकणारा तयार होत नसेल, तर तेही एक उत्तरच झालं. ‘डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर’ हे वाक्य कुठल्याच मीटरवर वाचता येत नाही.

मग बॅटरीचा शत्रू कोण?

ऊन. आणि उन्हात शंभर टक्के भरून दिवसेंदिवस उभी ठेवलेली गाडी. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी गरमीत निसान लीफ गाड्यांची क्षमता भराभर उतरली. त्या गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. नेक्सॉन, कोना, झेडएस या गाड्यांत द्रवशीतक असतं. त्यामुळे जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की कूलंटची पातळी आणि ते वेळेवर बदलल्याच्या नोंदी पाहाव्यात. गाडीची पाच वर्षं सावलीच्या पार्किंगमध्ये गेली की सोसायटीच्या उघड्या मैदानात, हा प्रश्न थंडीच्या प्रश्नापेक्षा जास्त मोलाचा आहे.

‘कधीच ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नये’ हा सल्लाही सरसकट देऊ नये. कोनासारख्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीसाठी तो ठीक आहे. नेक्सॉन, टियागोची बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची. तिचा व्होल्टेज चार्ज कमी-जास्त झाला तरी फारसा हलत नाही, म्हणून आत किती उरलंय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकतो. अधूनमधून पूर्ण शंभर केलं की तो ताळ्यावर येतो. मालकाने वर्षभर ८० चाच नियम पाळला असेल, तर चाचणीत आकडा २० वरून एकदम धपकन खाली येऊ शकतो. तेवढ्यावरून बॅटरी गेली म्हणू नका. आधी दोनदा पूर्ण चार्ज करून बघा.

फास्ट चार्जिंगचा बाऊ नको, पण रोज तेच केलेली टॅक्सीही नको. टॅक्सीच्या हिरव्या पाटीवर अक्षरं पिवळी असतात, खासगी गाडीच्या पाटीवर पांढरी. पाटी बदलून घेता येते, म्हणून आरसीचा इतिहास तपासावा. सुरुवातीच्या ई-व्हेरिटो आणि पहिल्या टिगोरला आजचा सीसीएस२ प्लग बसत नाही. त्यांच्या जुन्या पद्धतीचे चार्जर आता हुडकावे लागतात, तेव्हा रोजच्या लांब पल्ल्यासाठी त्या गाड्या बाद. आणि हिवाळ्यात एखाद्या सकाळी गाडी मुळीच सुरू झाली नाही, तर बहुतेक वेळा दोष मोठ्या बॅटरीचा नसतोच. तो साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा असतो. मोठी काठोकाठ भरलेली असली तरी छोटीने मान टाकली की दारही उघडत नाही. ती बदलायचा खर्च काही हजारांत.

पेठेतला पॉइंट

दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडून वाड्याच्या चौकात गाडी चार्ज करणारे वीर आहेत. चार्जिंगला आठ-नऊ तास सलग १३-१५ ॲम्पिअर वीज वाहते. इस्त्री किंवा गीझर एवढा वेळ कधीच चालत नाही. त्यामुळे बाजारातला एक्स्टेन्शन बोर्ड तापून वितळतो. मीटरपासून जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी हवाच. बऱ्याच जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतं असतं. तिथे गाडीबरोबरची केबल लाल दिवा दाखवते आणि चार्जिंग सुरूच करत नाही. लोक गाडीला दोष देतात, बोलवायला हवा वायरमनला. घरच्या मीटरवर चार्ज करायला हरकत नाही. हवं असेल तर चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं, हे केंद्राच्या २०२४ च्या नियमांत स्पष्ट केलेलं आहे.

पार्किंग नाही म्हणून गाडी नदीपात्रात लावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ‘आयपी६७ आहे, पाण्याचं भय नाही’ असं सांगितलं जातं. त्या मानकाचा अर्थ एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास, आणि तोही नव्या, न उघडलेल्या सीलसाठी. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा येणारं पाणी गाळाचं असतं आणि तासन्‌तास उतरत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांची पार्किंग अशीच बुडाली होती. म्हणून जुनी गाडी घेताना सीटखालच्या पट्ट्यांवर गाळाची रेघ, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा डाग, जोडण्यांवरचा हिरवट थर हे बॅटरीच्या आकड्याआधी पाहावं. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागावा.

कागदपत्रं

डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवरचा दर १८ टक्के केला, इलेक्ट्रिकही त्यात आल्या, आणि ‘सात लाखांच्या गाडीवर सव्वा लाख कर’ अशी बोंब उठली. हा कर व्यापाऱ्याच्या फरकावर आहे. त्याने साडेसहा लाखांना घेऊन सातला विकली, तर पन्नास हजारांवर नऊ हजार. शेजाऱ्याकडून थेट घेतली तर शून्य.

नेक्सॉनच्या बॅटरी आणि मोटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. ती मोजायची पहिल्या नोंदणीपासून. जानेवारी २०२० ची गाडी असेल तर जानेवारी २०२८ ला ती संपते, आणि रोज ११० किलोमीटर चालवणाऱ्याचा वर्षाला तीस हजारांचा आकडाही मध्ये येतो. काही नव्या गाड्यांबरोबर ‘आजीवन’ वॉरंटी मिळते. ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे तर कंपनीकडून लेखी घ्यावं. कोना असेल तर २०२० च्या डिसेंबरात भारतात ४५६ गाड्या बॅटरीतल्या संभाव्य दोषामुळे तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. हातातली गाडी त्यातली असेल तर काम झाल्याची नोंद सर्व्हिस सेंटरकडे चेसिस नंबर सांगून मिळते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर.