माघातला पाचोळा, वैशाखातली बाग

प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं आणि सगळं शहर तिकडे लोटतं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाच्या देखरेखीखालची ही सुमारे ३९ एकरांची बाग तेव्हा ऐन बहरात असते. प्रदर्शन संपतं, कुंड्या आपापल्या घरी जातात आणि बहुतेकांचा बागेशी संबंध पुन्हा सकाळच्या फेरीपुरता उरतो. खरं तर बागेतला सगळ्यात कामाचा काळ तिथूनच सुरू होतो. हे एम्प्रेस गार्डनला लागू आहे, तसंच आपल्या वॉर्डातल्या लहानशा उद्यानालाही. थंडी ओसरत असते, पाऊस चार महिने लांब असतो आणि झाडं पानं गाळत असतात. माघ-फाल्गुनात या पानांचं आपण काय करतो, त्यावर मे महिन्यात बागेला किती पाणी लागेल आणि माती किती जिवंत राहील, हे ठरतं. काम अवघड नाही, पण पाचोळा इतका असतो की एकट्यादुकट्या माळ्याला ते आवरत नाही. बागेत रोज येणाऱ्यांनी म्हणूनच ते समजून घ्यायला हवं.

पान गळतं तेव्हा काय घडतं

दख्खनच्या पठारावर परतीचा पाऊस गेला की जूनपर्यंत जमीन वाळतच जाते. झाडातलं पाणी सगळ्यात जास्त उडतं ते पानांतून. म्हणून पानझडी झाडं पानंच उतरवतात. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि मग वाऱ्याची झुळूकही पान सुटायला पुरते. मात्र पान सोडण्याआधी झाड त्यातला कामाचा माल काढून घेतं. नत्र आणि स्फुरद यांचा साधारण अर्धा भाग फांद्यांमध्ये परत जातो. हरितद्रव्य मोडतं, म्हणून पान पिवळं पडतं. देशी बदामाचं तर लालभडक होतं. कॅल्शियम मात्र झाडाला परत ओढता येत नाही, ते पानातच राहतं. थोडक्यात, आपल्या पायाखाली येतो तो पाचोळा कर्बाने भरलेला असतो, त्यात कॅल्शियम चांगलं असतं आणि नत्र कमी असतं. खत करण्याची पुढची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

पानगळ एकदम होत नाही. काटेसावर थंडीतच मोकळी होते आणि निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं घेऊन उभी राहते. शिरीषावर वाळक्या शेंगा खुळखुळत राहतात. पिंपळ आणि कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं टाकतात आणि बघता बघता तांबूस पालवीने भरून जातात. त्यामुळे पाचोळा दीड-दोन महिने टप्प्याटप्प्याने मिळत राहतो. रोजचं थोडं काम आखायला ते सोयीचंच असतं.

जाळणं का बंद व्हायलाच हवं

खराट्याने ढीग लावायचा आणि काडी ओढायची, ही सवय जुनी आहे. पण हिवाळ्यातल्या सकाळी थंड हवा जमिनीलगत कोंडलेली असते. धूर वर जात नाही, फिरायला आलेल्यांच्याच छातीत जातो. पानात उरलेलं थोडंफार नत्रही वायू होऊन निघून जातं, कर्ब जातो आणि हाती मूठभर राख उरते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही बागेचा कचरा ज्याच्या त्याच्या आवारात वेगळा साठवायला सांगितलं. पोत्यांत भरून डेपोवर पाठवणं हा दुसरा मार्गही तोट्याचाच आहे. पाचोळा हलका आणि फुगीर असतो. ट्रक भरतो, पण वजन फारसं जात नाही. मग तीच बाग उन्हाळ्याच्या तोंडावर शेणखत विकत घेते.

ढीग रचण्याची रीत

जागा सावलीची आणि उंचवट्याची निवडावी, म्हणजे पावसाळ्यात तिथे पाणी साचणार नाही. तळाला फरशी नको, उघडी माती हवी, कारण गांडुळं आणि सूक्ष्मजीव तिथूनच वर येतात. वेल्डमेशच्या जाळीचा चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच पिंजरा करावा. तीन फुटांपेक्षा लहान ढीग आतून तापत नाही आणि पाच फुटांच्या वर गेला तर मधल्या भागाला हवा मिळत नाही. तळाला सहा इंच काटक्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळते.

आता मुख्य गोष्ट, कर्ब आणि नत्राचा मेळ. पाचोळा कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. वाळक्या पानांत हे प्रमाण ४० ते ८० च्या घरात असतं. नुसता पाचोळा म्हणूनच महिनोन्महिने तसाच पडून राहतो. ही तूट हिरव्या मालाने भरून काढायची. हिरवळीचं कापलेलं गवत, मंडईतला भाजीचा पाला, देवळातलं निर्माल्य, यांपैकी जे मिळेल ते चालतं. महाशिवरात्र नेमकी याच दिवसांत येते आणि शंकराच्या देवळांबाहेर बेलाच्या पानांचे ढीग लागतात. दोरे, प्लास्टिक आणि हारांमधली जर काढून टाकली की तो उत्तम माल आहे. आकारमानाने तीन पाट्या पाचोळ्याला एक पाटी हिरवा माल, असे सहा-आठ इंचांचे थर द्यावेत. प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा. शेण मिळत नसेल तर जुनं खत किंवा बागेतली माती घमेलंभर पसरावी. जिवाणूंचं विरजण त्यातूनच लागतं.

पाणी किती घालायचं हे हातच सांगतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर पानं काढावीत आणि घट्ट पिळावीत. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले, तर ओल नेमकी आहे. पाण्याची धार लागली, तर हवा कोंडेल आणि घाण वास सुटेल, तेव्हा कोरडा पाचोळा मिसळावा. थेंबही आला नाही आणि पानं कुरकुरली, तर झारीने पाणी द्यावं. फेब्रुवारीत पठारावरची हवा इतकी कोरडी असते की ढिगाच्या कडा दोन दिवसांत वाळतात. वरून जुनं गोणपाट ओलं करून टाकल्यास हा त्रास निम्म्याने कमी होतो.

चार-पाच दिवसांत ढीग तापतो. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावी. हातात धरवत नाही इतकी ती गरम लागते. आत तेव्हा ५५ ते ६५ अंश सेल्सियस तापमान असतं. तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू याच उष्णतेने मरतात. सळई कोमट लागू लागली की ढीग उलथायचा: कडेचा पाला मध्ये, मधला कडेला. दर पंधरा दिवसांनी असं केलं तर माघात लावलेला ढीग पावसाच्या तोंडावर खत होऊन मिळतो. उलथायला माणसं नसतील, तर पाचोळा नुसता ओला ठेवून द्यावा. मग वर्षभर लागतं, पण मिळणारी पानमाती रोपवाटिकेसाठी फार चांगली असते. तयार खताचं आकारमान मूळ ढिगाच्या जेमतेम चौथाई भरतं. रंग काळसर, वास पहिल्या पावसातल्या मातीचा, आणि पान कोणत्या झाडाचं होतं हे ओळखू येत नाही, ही ते झाल्याची खूण.

सगळी पानं एका वेगाने कुजत नाहीत. शिरीष, कडुनिंब, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर विरघळतात. आंबा, फणस, देशी बदाम यांची पानं जाड आणि चिवट असतात. ती पायाने तुडवून किंवा यंत्रातून चुरून घालावीत, नाही तर त्यांचा वेगळा ढीग लावावा.

आळ्यातलं आच्छादन

सगळ्या पाचोळ्याचं खत करायची गरज नाही. निम्मा तसाच झाडांच्या आळ्यांत पसरावा. तीन-चार इंचांचा थर पुरतो. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण उगवत नाही आणि पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं. एवढंच पाळायचं, की पाचोळा खोडाला चिकटू द्यायचा नाही. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाही तर तिथे ओल धरून साल कुजते आणि वाळवीला आयतं घर मिळतं. आधी आळं भिजवावं, मग पाचोळा घालावा. कोरड्या मातीवर कोरडा थर घातला तर वरचं थोडं पाणी पानंच पिऊन टाकतात.

फुलांच्या वाफ्यांत

याच दिवसांत फुलझाडांची तीन कामं उरकायची असतात. मोगऱ्याचं पाणी जानेवारीत दोन-तीन आठवडे तोडून त्याला विश्रांती द्यायची. मग महिनाअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला झुडूप निम्म्यावर छाटायचं, राहिलेली पानं काढायची, आळं चाळून खत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. नवी फूट येते आणि त्याच फुटीवर उन्हाळ्यात कळ्या धरतात. शेवंतीचा बहर संपला की दांडे जमिनीपासून चार-सहा इंचांवर कापायचे. बुडातून निघणाऱ्या काश्या अर्ध्या सावलीत जपल्या, की पावसाळ्यात नवी रोपं घरचीच होतात. तिसरं काम बियांचं. झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांची फुलं झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत, दव उडाल्यावर खुडावीत, सावलीत सुकवावीत आणि कागदी पाकिटात रंग व तारीख लिहून ठेवावीत. बी शक्यतो गावठी वाणाचंच धरावं. संकरित झाडाच्या बियांतून तसंच फूल येईल याची खात्री नसते.

हात कुठून आणायचे

आपल्या बागांमध्ये माणसं आधीच जमलेली असतात. हास्यक्लब आहे, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे, योगवर्ग आहे, संध्याकाळी मुलं आहेत. त्यांना आठवड्यातून एक तास एका कामाशी जोडायचं, इतकीच व्यवस्था लागते. पहिली पायरी उद्यान विभागाची लेखी परवानगी. दुसरी, माळीदादांबरोबर बसून आखणी. कोणत्या झाडाखाली पाणी मुरत नाही, नळाला दाब किती वाजता असतो, मागच्या वर्षी वाळवी कुठे लागली होती, हे त्यांनाच ठाऊक असतं. काम त्यांच्या सल्ल्याने व्हावं आणि त्यांच्यावरचा भार त्यातून हलका व्हावा. पुढची वाटणी सोपी आहे. ज्यांना वाकवत नाही त्यांनी निर्माल्य निवडावं आणि बियांची पाकिटं भरावीत, तरुणांनी ढीग उलथावा, मुलांनी पानं ओळखून वेगळी करावीत. एका पाटीवर ढीग लावल्याची, पाणी दिल्याची आणि उलथल्याची तारीख लिहिली की आज आलेल्या कुणालाही पुढचं काम कळतं. बागेला पुरून पाचोळा उरलाच, तर गच्चीवर बाग करणारे तो आनंदाने नेतात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारख्या उपक्रमाने पाचोळा असणारे आणि हवा असणारे यांची गाठ घालून दिली आहे.

एक कोपरा मात्र झाडू न लावता ठेवावा. पाचोळ्याखाली किडे, गोगलगायी आणि अळ्या असतात. सातभाईंचा थवा एकेक पान चोचीने उडवत तिथेच खाणं शोधतो. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभरची पक्षीगणना होते. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात २०१३ पासून भारतही आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले पक्षी नोंदवायचे, एवढंच त्यात करायचं असतं. बागेच्या गटाने या दिवसांत मुलांना काटेसावरीखाली न्यावं. फुलांवर भोरड्या उतरलेल्या असू शकतात, आणि हे पाहुणे एप्रिलपर्यंत निघून जातात.

सुरुवात एका पिंजऱ्यापासून करावी. त्याचं खत जूनमध्ये हाती आलं, की त्याच पावसाळ्यात लावायच्या रोपांच्या खड्ड्यांत ते घालावं आणि ज्यांनी ढीग उलथला त्यांच्याच हातून घालावं. पुढच्या माघात दुसऱ्या पिंजऱ्यासाठी कुणाला बोलावणं पाठवावं लागणार नाही. सार्वजनिक बाग महापालिकेच्या कागदावर सार्वजनिक असतेच. आपल्या श्रमाची माती तिच्यात मिसळली की ती खऱ्या अर्थाने आपली होते.