रेंज वर, लॅपटॉप खाली

सोलापूरहून तुळजापूरला येताना एसटीत बसून काही पाठवायचं असेल, तर घाट लागायच्या आत पाठवून मोकळं व्हावं. वळणांवर फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, मध्येच डोंगर आड येतो आणि निम्मी फाईल चढलेली असताना सगळं ठप्प होतं. पठारावर आलं की राष्ट्रीय महामार्ग ५२ धरून धाराशिवपर्यंत नेट बरं चालतं. येडशीहून रामलिंगच्या बाजूला उतरलं की पुन्हा काड्या कमी. बालाघाटाच्या डोंगरांतल्या या धाराशिव जिल्ह्यात फिरून काम करणाऱ्याला हे चढउतार घरच्या जिन्यासारखे पाठ असावे लागतात.

पूर्वी हे काम डोंगलवर चालायचं. पेनड्राइव्हएवढी ती कांडी लॅपटॉपला लावायची आणि तिच्या दिव्याकडे बघत बसायचं. माझ्या डोंगलला हिरवा दिवा म्हणजे २जी, निळा म्हणजे ३जी. शहराबाहेर पडलं की बहुतेक हिरवाच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं ४जी आलं, डेटा स्वस्त झाला आणि डोंगल कपाटात गेलं.

आता फोनच मोडेम. हॉटस्पॉट सगळ्यांना ठाऊक असतो, पण प्रवासात मी केबल लावून यूएसबी टेदरिंग करतो. जोडणी घट्ट राहते आणि फोन चार्जही होत राहतो. फोन मात्र खिडकीच्या काचेशी हवा, कारण गाडीचा पत्रा लहरी अडवतो. धावत्या गाडीत ५जी बंद करून फोन ४जीवर ठेवलेला बरा. नाहीतर तो दोन्हींत येरझाऱ्या घालतो आणि बॅटरी संपवतो. ९०० मेगाहर्ट्‌झसारख्या खालच्या पट्ट्यातल्या लहरी लांबवर पोचतात, वरच्या पट्ट्यातल्या जास्त डेटा वाहतात पण लवकर क्षीण होतात. म्हणून आडरस्त्याला वेगापेक्षा पोच महत्त्वाची.

डेटाचाही हिशोब ठेवावा लागतो. फोनवर दिवसभर पुरणारा दीड जीबीचा पॅक लॅपटॉप बघता बघता संपवतो; विंडोज अपडेट गुपचूप उतरवून घेतं, फोटोंची फोल्डरं आपोआप वर चढतात. त्या जोडणीला सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ करून ठेवलं की हे बरंचसं थांबतं. पॅक संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्यावर बँकेचं पानसुद्धा उघडत नाही.

काड्या भरलेल्या असूनही नेट चालत नाही, हे बघायचं तर कोजागरीला तुळजापूरला यावं. सोलापूरकडून भाविक रात्रभर पायी येत असतात. प्रत्येकाच्या हातात फोन, घरच्यांना व्हिडिओ कॉल, देवळाच्या शिखराचे फोटो. टॉवर समोर दिसतो, रेंज पूर्ण असते आणि साधा मेल जात नाही. टॉवरची क्षमता त्याच्या हद्दीतल्या सगळ्यांत वाटली जाते; काड्या फक्त टॉवर ऐकू येतोय एवढंच सांगतात. पहाटे गर्दी झोपली की तोच मेल झटक्यात जातो.

माझं काम थांबू शकतं. मजकूर ऑफलाइन लिहायचा, फोटो लहान करून ठेवायचे आणि रेंज आली की एकदम सोडायचे. ज्यांचं काम थांबू शकत नाही, त्यांचे हाल मी भूम तालुक्यातल्या एका गावात पाहिले. फार्मर आयडीची, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळख क्रमांकाची, नोंदणी चालू होती. सेवा केंद्र चालवणारा पोरगा दुचाकीवर लॅपटॉप घेऊन आलेला. देवळाच्या ओट्यावर सावली होती, पण रेंज नव्हती. रेंज होती शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. त्यानं हॉटस्पॉट चालू करून फोन चौथ्या पायरीवर ठेवला, वर रुमाल टाकला, आणि खाली ओट्यावर लॅपटॉप मांडला. तेवढ्या अंतरात वायफाय पोचत होतं.

अडलं ओटीपीवर. तो शेतकऱ्याच्या आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि त्याचं सिमकार्ड दुसऱ्याच कंपनीचं.

“काका, तुमचा फोन घिऊन वर जावा. मेसेज पडला की आकडा सांगा.”

“मला कुठं वाचता येतंय? ह्या नातवाला धाडतो.”

नातू पळाला. वरून एकेक आकडा ओरडून सांगू लागला. चार आकडे झाले आणि खालचं पान फिरायला लागलं. ओटीपीची मुदत संपली, पुन्हा पहिल्यापासून. मागे सातबारा धरून माणसं उभीच होती, मजुरी बुडवून. पोरगा एकदाही वैतागला नाही. प्रत्येकाला नावानं हाक मारत, तोच तोच अर्ज भरत राहिला.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपनं यातलं एक दुखणं ओळखलं आहे. शेतात रेंज नसली तरी पिकाचा फोटो आणि नोंद फोनमध्ये राहते, रेंजमध्ये आलं की ती पाठवता येते. नोंदणीच्या पोर्टललाही हे शिकवता येईल. नाव, गट नंबर, कागदांचे फोटो हे सगळं ओट्यावर बसून बिनरेंजचं भरून घ्यावं, आणि ओटीपीपुरतंच माणसाला टाकीपाशी न्यावं. मी हे त्या पोराला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “सर, निम्मा अर्ज जरी सेव्ह झाला ना, तर दिवसाला दुप्पट माणसं होतील.” एवढं बोलून त्यानं पुढच्या मावशींचं आधार कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा फोन कुठल्या कंपनीचा आहे ते आधी विचारलं.