डब्यातली मटकी

आषाढ महिना होता. पावसाची झड लागली होती. ओढ्याला पूर आला होता. बाजाराला कोणी गेले नव्हते. घरात भाजीचे एक पान नव्हते.

सून म्हणाली, “आत्याबाई, आज कालवणाला काही न्हाई. धाकटा तर दोन दिवस नुसती भाकरी चघळतोय.”

सासू म्हणाली, “अगं, डब्यात मटकी हाय की!”

“हाय, पण पोरं खात न्हाईत. परवा केली ती निम्मी तशीच राहिली. दाणे कच्चे लागत होते. चवबी नव्हती.”

“त्यात मटकीचा दोष न्हाई, पोरी. आपण तिला वेळ दिला न्हाई.”

सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल, घेवडा ही सारी कडधान्ये. ती वाळवून ठेवली की महिनोन्‌महिने टिकतात. भाजी नसेल तेव्हा तीच उपयोगी पडतात. पण वाळलेला दाणा घाईने शिजत नाही.

कडधान्य का खावे?

ज्वारी-बाजरीने अंगात ताकद येते. पण अंग भरायला, पोरांची वाढ व्हायला प्रथिने लागतात. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच मटकीत ती २० ते २५ ग्रॅम असतात. शिवाय भाकरीत जे कमी असते, ते उसळीतून मिळते. उसळीत जे कमी असते, ते भाकरीतून मिळते. म्हणून भाकरी आणि उसळ ही जोडी चांगली. वाढत्या पोरांना आणि पोटुशी बाईला तर ती हवीच.

मोड कसे आणावेत?

चार माणसांना एक वाटी मटकी घ्या. खडे निवडा. मटकी दोन पाण्यांनी धुवा. रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या. मटकी ओल्या स्वच्छ फडक्यात बांधा. पुरचुंडी झाकून उबेला ठेवा. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात. पावसाळ्यात आणि थंडीत जास्त वेळ लागतो. फडके सुकले तर पाणी शिंपडा. मटकी बुळबुळीत झाली, आंबूस वास आला, तर ती खाऊ नका.

मोड आले की मटकी फुगून दुपटीहून जास्त होते. ती लवकर शिजते. सरपण वाचते. आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले ‘क’ जीवनसत्त्व मोडात तयार होते.

चव कशी आणावी?

कढईत तेल चांगले तापवा. मोहरी टाका. ती तडतडली की जिरे, हिंग, ठेचलेला लसूण आणि चिरलेला कांदा घाला. कांदा लाल होऊ द्या. इथे घाई केली की चव गेली! मग हळद आणि घरचा मसाला घाला. मोडाची मटकी घालून परता. थोडे पाणी घाला. वर ताटली झाका आणि ताटलीतही पाणी ठेवा. आतले पाणी आटले, तर ताटलीतले गरम पाणी ओता. मटकी मऊ शिजू द्या.

आता मीठ, दोन आमसुले आणि गुळाचा लहान खडा घाला. आंबट नेहमी शेवटी घालावे. आधी घातले तर दाणा लवकर शिजत नाही. भाजलेले सुके खोबरे कुटून घातले, तर रस्सा दाट होतो. जेवताना लिंबू पिळा. लिंबामुळे उसळीतले लोह अंगी लागते.

काही बाया दाणा लवकर शिजावा म्हणून सोडा घालतात. सोडा घालू नका. त्याने ‘ब’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. रात्रभर भिजवले की सोड्याची गरज पडत नाही.

घेवड्याची एक गोष्ट ध्यानात ठेवा

राजमा आणि सातारा भागातला वाघ्या घेवडा कधी अर्धाकच्चा खाऊ नये. कच्च्या दाण्यात विषारी अंश असतो. त्याने उलट्या होतात, पोट बिघडते. घेवडा रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात तो खळखळून उकळा आणि अगदी मऊ होईपर्यंत शिजवा. मगच फोडणीला टाका.

तिकडे सुनेने सासूचे ऐकले. त्याच रात्री तिने मटकी भिजत घातली. तिसऱ्या दिवशी मोडाची उसळ झाली. बाहेर पाऊस पडतच होता. धाकट्याने एक भाकरी उसळीत कुस्करून खाल्ली आणि ताटली पुढे केली.

“आये, आणखी वाढ.”

सासू हसली. सुनेने कढईत पाहिले. तळाला रस्सा तेवढा उरला होता.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. आज निजण्यापूर्वी तो उघडा. एक वाटी कडधान्य भिजत घाला.